गोरोबाकाका : तेरच्या मातीतून रुपेरी पडद्यावर

संत गोरा कुंभार यांच्या नावावर आज जेमतेम वीसेक अभंग आहेत. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, मठ स्थापला नाही, शिष्यपरंपराही उभी केली नाही. चिखल तुडवावा, चाकावर मडकी घडवावीत, आवा लावावा आणि वारीला पंढरपूर गाठावे, एवढाच त्यांचा जीवनक्रम. तरीही या कुंभाराची कथा कीर्तनकारांच्या मुखातून मराठी मुलखाच्या कानाकोपऱ्यात गेली, संगीत नाटकातून रंगमंचावर आली आणि विसाव्या शतकात तमिळ, कन्नड व तेलुगू भाषांतील चित्रपटांचा विषय झाली. मराठवाड्यातल्या एका गावात घडलेली गोष्ट मद्रासच्या स्टुडिओपर्यंत पोहोचली, याचे कारण तिच्यातला चमत्कार तर आहेच. पण चमत्काराच्या आधी येणारे एका आईचे दुःख हे त्याहून मोठे कारण आहे.

मातीचे गाव

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव गोरोबांच्या जन्माआधीही हजार-बाराशे वर्षे प्रसिद्ध होते. प्राचीन काळी त्याचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून तगरचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई आणि तेथून समुद्रमार्गे पश्चिमेकडे रवाना होई. ते तगर म्हणजेच आजचे तेर, हे विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहास संशोधक फ्लीट यांनी दाखवून दिले. पुढे येथील पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू, दिवे आणि हस्तिदंताची एक देखणी स्त्रीप्रतिमा मिळाली. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा वस्तूंतून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

या संग्रहालयात फिरताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तेर हे दगडाचे नव्हे, मातीचे गाव आहे. येथील त्रिविक्रमाचे आणि उत्तरेश्वराचे ही प्राचीन मंदिरेसुद्धा विटांची आहेत. वजनाने इतक्या हलक्या विटा येथे भाजल्या जात की त्या पाण्यावर तरंगतात. माती ओळखण्याचे, मळण्याचे आणि भाजण्याचे ज्ञान या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. गोरोबांचा जन्म या परंपरेत झाला.

परंपरेनुसार त्यांचा जन्म इ. स. १२६७ मधला. देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते आणि लवकरच रामदेवरायाची कारकीर्द सुरू व्हायची होती. वडील माधवबुवा आणि आई रखुमाई. गावातील काळेश्वर हे या घराण्याचे उपास्य दैवत. त्यांच्या जन्माची कथाही विलक्षण आहे. या दांपत्याला झालेली आठही मुले एकामागून एक दगावली आणि आईवडिलांनी त्यांना आपल्या हातांनी मातीआड केले. पुढे पंढरीनाथ ब्राह्मणाच्या वेशात त्यांच्या घरी आले आणि त्यांनी ती मुले पुन्हा जिवंत केली. सर्वांत धाकटा मुलगा गोरीतून, म्हणजे पुरलेल्या खड्ड्यातून वर काढला, म्हणून त्याचे नाव गोरा ठेवले, असे सांगतात. इतिहास म्हणून ही कथा कोणी स्वीकारणार नाही. परंतु ज्या काळात घरोघर मुले दगावत, त्या काळातील आईवडिलांची सर्वांत मोठी भीती आणि सर्वांत मोठी इच्छा या कथेत एकत्र आली आहे. गोरोबांच्या पुढील चरित्रातही हीच भीती आणि हीच इच्छा पुन्हा येते.

चिखलातले मूल

गोरोबांचे लग्न संतीशी झाले. संसार साधा, पण सुखाचा होता. कुंभाराच्या कामाला दिवसाची मर्यादा नसते. माती खणून आणायची, खडे वेचायचे, तीत राख आणि लीद मिसळायची, पाणी घालून ती भिजत ठेवायची आणि मग तासन्‌तास पायांनी तुडवायची. चिखल लोण्यासारखा मऊ झाल्याखेरीज चाकावर चढत नाही. हे तुडवणे एका लयीत चालते. गोरोबांच्या पायांना ती लय आणि मुखाला विठ्ठलाचे नाव, अशी सवय जडली होती. नामस्मरणात त्यांचे देहभान हरपत असे.

एके दिवशी संती पाण्याला निघाली. मूल नुकते रांगायला लागले होते. त्याच्याकडे लक्ष ठेवायला नवऱ्याला सांगून ती घागर घेऊन नदीवर गेली. मूल रांगत रांगत बापाच्या दिशेने आले आणि चिखलात उतरले. गोरोबांचे डोळे मिटलेले होते, पाय चालत होते, नाम चालू होते. मूल पायांखाली आले आणि मातीत मिसळून गेले. बापाला त्याचा पत्ताही लागला नाही.

संती पाणी घेऊन परतली तेव्हा मूल दिसेना. चिखलाचा बदललेला रंग पाहून तिला काय ते कळून चुकले. मराठी संतचरित्रांत याहून भयंकर प्रसंग क्वचितच आढळेल. ज्या पायांनी माती तुडवली ते पाय बापाचेच, ज्या नामात तो गुंगला ते नाम देवाचेच. मग दोष कोणाला द्यायचा? संतीने तो नवऱ्याला दिला आणि देवालाही दिला. तिने आकांत केला आणि विठ्ठलाला दूषणे दिली. नवऱ्याला पोटच्या पोरापेक्षा प्रिय असलेला हा देव तिला वैरी वाटला. देवाची निंदा ऐकताच गोरोबा भानावर आले, पण ते संतापाने. हाती सापडलेली वस्तू घेऊन ते तिला मारायला धावले. तेव्हा संतीने त्यांना अडवले ते विठ्ठलाच्याच नावाने. तिने विठ्ठलाची शपथ घालून आपल्या अंगाला हात लावू नका, असे बजावले. गोरोबांचा उगारलेला हात तेथेच थांबला आणि पुढे कधीही तिच्याकडे गेला नाही.

शपथ आणि दोन बहिणी

रागाच्या भरात घातलेली शपथ संती विसरली असती. गोरोबा विसरले नाहीत. एकाच घरात राहून ते पत्नीपासून दूर राहू लागले. शब्द विठ्ठलाच्या नावाने बांधला गेला होता आणि तो मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दिवस गेले, महिने गेले. वंश बुडणार, या धास्तीने संतीने मार्ग काढला. आपल्या धाकट्या बहिणीशी, रामीशी, तिने गोरोबांचे दुसरे लग्न लावून दिले. परंतु सासऱ्याने पाठवणी करताना जावयाला दोन्ही मुलींना सारखेच वागवण्याची शपथ घातली. बापाच्या मनात धाकटीला उणे पडू नये, थोरलीला डावलले जाऊ नये, एवढेच होते. गोरोबांनी त्या शब्दांचा अर्थ अक्षरशः घेतला. थोरलीला स्पर्श वर्ज्य, म्हणून धाकटीलाही वर्ज्य झाला.

कथेतील रामीच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. बहिणीच्या घरची अडचण सोडवण्यासाठी ती सवत होऊन आली आणि जिच्याशी तिचा काही संबंध नव्हता, त्या शपथेत अडकली. कीर्तनकार गोरोबांच्या निग्रहाचे वर्णन करताना रंगून जातात. ऐकणाऱ्या बायकांना मात्र या दोन बहिणींची कोंडी अधिक जवळची वाटत असावी. एका मूल गमावलेल्या स्त्रीला दुसरे मूल हवे आहे आणि तिच्याच तोंडून निघालेला शब्द त्याच्या आड उभा आहे, हा पेच कोणत्याही नाटककाराला मोहात पाडील असा आहे.

अखेर दोघींनी एक बेत केला. रात्री गोरोबा झोपेत असताना त्यांनी त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. स्पर्श झाला म्हणजे शपथ आपोआप मोडेल, हा त्यांचा हिशेब. सकाळी जाग आल्यावर गोरोबांना घडला प्रकार कळला. शपथ हातांनी मोडली, तेव्हा शिक्षाही हातांनाच व्हायला हवी, असे ठरवून त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले. ज्या हातांनी चाकावरच्या मातीला आकार दिला, तेच हात गेले. कुंभाराचे हात गेले म्हणजे त्याचे घरच गेले.

परंपरा सांगते की यानंतर देवालाच तेरला यावे लागले. विठ्ठल विठू कुंभार होऊन गोरोबांच्या दारी आला, रुक्मिणी त्याची बायको होऊन आली आणि गरुड गाढव झाला. तिघांनी मोलमजुरी केली, माती वाहिली, मडकी घडवली आणि आवा भाजला. विठूच्या हातच्या मडक्यांना गावोगावहून मागणी येऊ लागली आणि हात नसलेल्या कुंभाराचे घर पूर्वीपेक्षा चांगले चालू लागले. देव भक्ताच्या घरी राबतो, ही कल्पना वारकरी संप्रदायाची खास आवडती. जनाबाईच्या घरी तो दळतो, सावता माळ्याच्या मळ्यात येतो, तसाच तो तेरला चिखल तुडवतो.

पुढे वारीच्या दिवशी गोरोबा दोन्ही बायकांसह पंढरपुरी गेले. गरुडपारावर नामदेवांचे कीर्तन रंगले होते. नामदेवांनी सर्वांना हात वर करून टाळी वाजवायला सांगितले. गोरोबांनीही नेहमीच्या सवयीने आपले थोटे हात उंचावले आणि विठ्ठलाचा गजर केला. त्या क्षणी त्यांना हात फुटले. संतीने पदर पसरून देवाला मूल मागितले आणि कीर्तनाच्या गर्दीतून तिचे बाळ रांगत तिच्याकडे आले. देवाने गोरोबांना शपथेतून मोकळे केले आणि संसार पुन्हा मार्गी लागला.

कच्चे आणि पक्के

गोरोबांच्या चरित्रातील दुसरा प्रसिद्ध प्रसंग इतका करुण नाही. तो मिश्कील आहे. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव आणि इतर संतमंडळी तेरला गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईची नजर कोपऱ्यात ठेवलेल्या थापटण्याकडे गेली. ते कशासाठी असते, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के हे त्याने थापटून समजते, असे गोरोबांनी सांगितल्यावर ती म्हणाली की जमलेल्या या मडक्यांचीही परीक्षा होऊन जाऊ द्यावी. गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेका संताच्या डोक्यावर हलकेच मारीत ते पुढे निघाले. सारे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना राग आला. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचे जेवतो, त्यांची अशी परीक्षा व्हावी, हे त्यांना सहन झाले नाही. गोरोबांनी निर्णय दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

नामदेव रुसून पंढरपूरला गेले आणि त्यांनी देवाकडे तक्रार केली. देवानेही गोरोबांचीच बाजू घेतली व गुरू करण्याचा सल्ला दिला. मग नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि देव केवळ पंढरीच्या मूर्तीत नसून सर्वत्र आहे, याची जाणीव त्यांना झाली. पुढे पंजाबपर्यंत जाऊन ज्यांनी नामभक्तीचा प्रसार केला आणि ज्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, त्या नामदेवांच्या आयुष्यातले हे वळण एका कुंभाराच्या थापटण्याने आले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

या प्रसंगातील मंडळींची वये पाहिली तर वेगळेच चित्र दिसते. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. म्हणजे ही भेट त्याआधीची. परंपरेतील सनावळी मानली तर मुक्ताबाई तेव्हा फार तर सतरा वर्षांची, ज्ञानेश्वर एकवीसच्या आत, नामदेव पंचविशीचे आणि परीक्षा घेणारे गोरोबाकाका स्वतः तिशीच्याही अलीकडचे होते. तरीही सर्वांनी त्यांना काका म्हटले. या तरुण मेळ्यात ते वयाने थोडे वडील होते. पण काका ही पदवी केवळ वयामुळे मिळालेली नसावी. माती ओळखणाऱ्या माणसाला माणूसही ओळखता येतो, हा विश्वास त्या संबोधनात होता.

त्या काळातील संतांनी आपापल्या व्यवसायातूनच अध्यात्माची भाषा घडवली. सावतोबांनी मळ्याची, नरहरींनी सोनाराच्या मुशीची आणि सेना न्हावी यांनी आरशाची भाषा आणली. गोरोबांनी मडके आणि थापटणे दिले. त्यांच्या उपलब्ध अभंगांत मात्र संसारातील दुःखाचा उच्चार फारसा नाही. निर्गुणाचा अनुभव, शब्द मुके होणे, नामदेवांशी साधलेली एकरूपता हे त्यांचे विषय आहेत. आख्यायिकेतील गोरोबा भावविवश आहेत, तर अभंगांतील गोरोबा शांत आणि अंतर्मुख. आवा विझून मडके थंड झाल्यावर दिसावे, तसे ते तेथे दिसतात.

परंपरेनुसार शके १२३९ मध्ये, म्हणजे इ. स. १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, गोरोबांनी तेर येथे देह ठेवला. त्याच सुमारास देवगिरीच्या यादवांची सत्ताही संपुष्टात आली. राज्य गेले, पण वारी चालू राहिली आणि तिच्याबरोबर गोरोबांची गोष्टही.

पोथीतून पडद्याकडे

ही गोष्ट घरोघर पोहोचवण्याचे मोठे श्रेय महिपतींचे. नगर जिल्ह्यातील ताहराबादच्या या चरित्रकाराने १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. महिपतींना प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची हातोटी होती. कीर्तनकारांनी त्यांच्या ओव्यांवर आख्याने रचली आणि गोरोबांचे आख्यान मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात व आणखी दक्षिणेत गेले. पंढरीचा विठ्ठल कानडी भाविकांनाही आपलाच. त्यामुळे तेरचा कुंभार त्यांना परका वाटला नाही.

चित्रपट आला तेव्हा संतकथा त्याला आयती मिळाली. १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ पडद्यावर आणला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. संताचे घर, त्याची कष्टाळू आणि संतापी बायको, आकाशातून उतरणारे विमान, अशा साध्या आणि अद्भुत गोष्टी एकाच चौकटीत मावतात, हे या चित्रपटाने सिद्ध केले. संतपटांची लाट त्यानंतर देशभर पसरली.

गोरोबांच्या कथेवरील ‘चक्रधारी’ हा तमिळ चित्रपट १९४८ मध्ये मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने काढला. भक्त पोतना, त्यागय्या, योगी वेमना अशा संतभूमिका गाजवलेले चित्तूर व्ही. नागय्या यांनी त्यात कुंभाराची भूमिका केली. त्याच वर्षी जेमिनीने ‘चंद्रलेखा’सारखा अफाट खर्चाचा चित्रपटही प्रदर्शित केला होता. ढोलांवर नाचणाऱ्या शेकडो नर्तिकांच्या शेजारी त्या स्टुडिओला चिखल तुडवणारा कुंभारही हवासा वाटला, हे लक्षणीय आहे. योगायोग असा की त्याच १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि तेर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते तो भारतात सामील झाला.

१९७४ मध्ये हुणसूर कृष्णमूर्ती यांनी ‘भक्त कुंबार’ हा कन्नड चित्रपट केला. राजकुमार हे कन्नड चित्रसृष्टीचे सर्वांत लाडके अभिनेते त्यात गोरा झाले, तर दोन बायकांच्या भूमिकांत लीलावती आणि मंजुळा होत्या. जी. के. वेंकटेश यांचे संगीत आणि पी. बी. श्रीनिवास यांचा आवाज यांमुळे त्यातील भक्तिगीते कर्नाटकात आजही ऐकली जातात. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘चक्रधारी’ याच नावाने अक्किनेनी नागेश्वरराव यांचा तेलुगू चित्रपट आला. मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांनी ‘गोरा कुंभार’ हे संगीत नाटक लिहिले आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांनी त्याला संगीत दिले. त्यातील अभंग नाटकाबाहेरही मैफलींतून गायले जातात.

हात दिसणे आणि हात फुटणे

लोककथेतील अद्भुत पडद्यावर कसे आणावे, हा प्रश्न एकट्या भारतीय दिग्दर्शकांपुढे नव्हता. फ्रान्समध्ये कवी, नाटककार आणि चित्रकार ज्याँ कोक्तो यांनी १९४६ मध्ये ‘सुंदरी आणि पशू’ ही परीकथा पडद्यावर आणली. मादाम लप्रँस द बोमाँ यांनी अठराव्या शतकात मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट. बापाचा जीव वाचवण्यासाठी मुलगी एका पशूच्या वाड्यात राहायला जाते आणि अखेर तिच्या प्रेमाने पशू राजपुत्र होतो. महायुद्ध नुकतेच संपले होते. फ्रान्समध्ये कच्ची फिल्म दुर्मीळ होती, वीज वेळी-अवेळी जाई आणि स्वतः कोक्तो त्वचारोगाने इतके बेजार झाले की मध्येच रुग्णालयात जावे लागले. पशू झालेले ज्याँ मारे यांच्या रंगभूषेला रोज काही तास लागत. तरीही ऑन्री आलेकाँ यांच्या छायाचित्रणाने आणि जॉर्ज ओरिक यांच्या संगीताने हा चित्रपट अद्भुतपटांचा मानदंड ठरला.

त्या चित्रपटातील सर्वांच्या स्मरणात राहिलेले दृश्य हातांचेच आहे. वाड्याच्या अंधाऱ्या मार्गिकेत भिंतींतून माणसांचे जिवंत हात बाहेर आलेले आहेत आणि त्यांनी मेणबत्त्यांची झाडे धरली आहेत. म्हातारा बाप पुढे जातो तशा मेणबत्त्या एकामागून एक आपोआप पेटतात. प्रत्यक्षात त्या विझवत नेल्या होत्या आणि चित्रफीत उलटी चालवली होती. यंत्राची एवढीशी युक्ती, पण परिणाम स्वप्नासारखा. दादासाहेब फाळके यांनीही १९१३ पासून अशाच युक्त्यांनी पुराणकथा जिवंत केल्या होत्या. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत आणि कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला की माणूस अदृश्य होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कोक्तो आणि संतपट यांत एक मूलभूत फरक मात्र आहे. कोक्तोंना चित्रपटाच्या प्रारंभीच प्रेक्षकांना विनंती करावी लागली की थोडा वेळ लहान मूल व्हा आणि समोर दिसेल त्यावर विश्वास ठेवा. युद्धाने होरपळलेल्या, शिकलेल्या प्रेक्षकाचा परीकथेवर विश्वास उरला नव्हता. तो त्यांना नव्याने मागावा लागला. तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये गोरोबांची कथा पाहणाऱ्या प्रेक्षकाकडे असे काही मागण्याची गरज नव्हती. तो विश्वास घरूनच घेऊन येत असे. हात फुटणार, मूल परत येणार, हे त्याला आधीपासून माहीत असे. तरीही तो डोळे पुसत असे.

तो का रडत असे, याचे उत्तर त्या दोन हातांपाशी आहे. कोक्तोंच्या वाड्यातील हातांना शरीर नाही, दुःख नाही. ते मोहक आहेत. गोरोबांचे हात श्रमाचे आहेत. त्यांच्यावर एक घर चालते. ते शपथेपायी गेले आणि ते परत येणे म्हणजे घरात पुन्हा चूल पेटणे. म्हणून हा चमत्कार प्रेक्षकाला परक्या जगातला वाटत नाही. मूल गमावलेल्या कितीतरी आया त्या गर्दीत बसलेल्या असत. त्यांचे मूल कोणत्याही कीर्तनातून रांगत परत आले नव्हते आणि येणारही नव्हते. पण संतीचे आले, एवढे पाहायला त्या येत असत.

गोरोबांचे तेर

तेरमध्ये आजही गोरोबांचे घर दाखवले जाते. त्यांच्या समाधीचे मंदिर आहे आणि चैत्र वद्यात तेथे यात्रा भरते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या परिसराला गोरोबाकाकांचेच नाव देण्यात आले होते. २०२३ मध्ये शहर आणि जिल्हा यांना धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले. नावे बदलली, राज्ये बदलली; तेरची ओळख मात्र प्राचीन बाजारपेठ आणि गोरोबाकाकांचे गाव हीच राहिली.

विवेकाने पाहणाऱ्याला या चरित्रात अनेक प्रश्न पडतात. भक्तीत एवढे गुंगून जावे की मूल पायाखाली आलेले कळू नये, हा आदर्श मानायचा का? शब्द पाळण्यासाठी दोन स्त्रियांचा संसार पणाला लावणे योग्य होते का? कथेने हे प्रश्न लपवलेले नाहीत. संतीला तिने गप्प बसवले नाही. उलट देवालाही दूषणे देण्याचा अधिकार दिला आणि अखेर देवालाच तिच्या दारात मजुरी करायला लावली. हे ऋण फेडण्यासाठीच विठ्ठल विठू कुंभार झाला, असे मानायला जागा आहे.

गोरोबांनी घडवलेली मडकी केव्हाच फुटून मातीत मिसळली. त्यांचे अभंग मोजकेच उरले. परंतु चिखलात हरवलेल्या मुलासाठी आक्रोश करणारी आई आणि आपल्याच हातांना शिक्षा देणारा बाप ओवीतून कीर्तनात, कीर्तनातून नाटकात आणि नाटक-चित्रपटांतून घराघरांत जात राहिले. वारीच्या वाटेवर गोरोबाकाकांचे नाव आजही घेतले जाते, तेव्हा ते घेणाऱ्याच्या मनात थापटण्याच्या आधी रांगत येणारे ते मूलच उभे राहते.